नवा अल्बम कोणाला द्यायचा: स्वतंत्र रेकॉर्ड दुकानातल्या शिफारशीची रीत

१० जुलै २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी येतात. त्याआधी अमेरिकेत मंगळवार, ब्रिटनमध्ये सोमवार, जर्मनीत शुक्रवार असा ज्याचा त्याचा वार होता. एका देशात आलेला अल्बम दुसऱ्या देशातल्या दुकानात पोचायच्या आत लोक तो इंटरनेटवरून फुकट उतरवून घ्यायचे, म्हणून सगळ्यांसाठी एकच वार ठरला. आता शुक्रवारी सकाळी आपण खोकी फोडत असतो तेव्हा गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर तोच अल्बम मध्यरात्रीपासून वाजत असतो. पुष्कळदा त्याने तो आपल्याआधी ऐकलेला असतो.

त्यामुळे ‘नवीन काय आलंय’ ही बातमी देणं आता दुकानाचं काम राहिलेलं नाही. या ढिगातून समोरच्या माणसाला काय द्यावं आणि काय देऊ नये, हे मात्र कोणीतरी सांगावं लागतं, आणि ते काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसालाच जमतं. चांगल्या शिफारशीत निम्मा वाटा ‘हा तुमच्यासाठी नाही’ असं सांगण्याचा असतो, असं माझं ठाम मत आहे. पुढे जी रीत दिली आहे ती या मताभोवतीच फिरते.

मागणी नोंदवताना

शिफारशीची सुरुवात अल्बम दुकानात यायच्या कितीतरी आधी होते. वितरक येणाऱ्या अल्बमची माहितीपत्रकं काही आठवडे, कधी काही महिने आधी पाठवतात. एका पानावर मुखपृष्ठ, गाण्यांची यादी, कोणत्या स्वरूपात निघणार ते आणि स्तुतीचा एक परिच्छेद. स्तुतीचा परिच्छेद वाचूच नका. तिथे प्रत्येक कलाकाराचं ‘आजवरचं सर्वात प्रगल्भ काम’ असतं. पाहायचं ते इतर ओळींत. निर्माता कोण, वादक कोण, एकूण लांबी किती, एक तबकडी की दोन, आणि उरलेला माल परत घेणार की नाही. व्हायनिलच्या, म्हणजे तबकड्यांच्या, बाबतीत शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असतं. मागवलेली प्रत आपलीच.

म्हणून मागणी नोंदवताना प्रत्येक प्रतीसमोर एक नाव लिहा. खरोखरच्या गिऱ्हाइकाचं नाव: अमुक घेईल, तमुकला दाखवता येईल. चार नावं सुचली तर चार प्रती आणि अनोळखी गिऱ्हाइकासाठी एखादी वर. एकही नाव सुचत नसेल तर तो अल्बम कितीही गाजो, तुमच्या दुकानात त्याला घर नाही. मोठ्या नावांना हा नियम थोडा सैल ठेवावा लागतो, ते उघड आहे. पण लहान लेबलांच्या, म्हणजे छोट्या संगीत कंपन्यांच्या, अल्बमसाठी तो कडक ठेवा, कारण तिथेच पैसे अडकतात आणि तिथेच दुकानाची ओळखही घडते.

लहान लेबलं आणि स्वतःचं संगीत स्वतः काढणारे कलाकार वितरकांच्या यादीत येतातच असं नाही. त्यांच्यासाठी बँडकॅम्पसारखं, कलाकार आपलं संगीत थेट विकतात असं, संकेतस्थळ आठवड्यातून एकदा तरी चाळावं लागतं. कलाकाराला थेट लिहिलं तर तो चार-पाच प्रती आनंदाने पाठवतो, आणि विकल्या गेल्यावर पैसे द्या असंही पुष्कळ जण म्हणतात.

आधी आपण ऐकायचं

न ऐकता शिफारस करू नये, हे सगळे मान्य करतात आणि शुक्रवारी सगळेच मोडतात. एका माणसाला सगळं ऐकणं शक्य नसतं, म्हणून वाटणी करा. दुकानात तिघे असाल तर ज्याचा कान जिकडे, तिकडचे अल्बम त्याच्याकडे. जे कोणीच ऐकलं नाही त्याबद्दल ‘अजून ऐकलेलं नाही, लावून बघूया का?’ असं सरळ म्हणा. गिऱ्हाइकाला हे उत्तर आवडतं. अर्धवट ऐकून ठोकलेलं मत त्याला लगेच कळतं, कारण त्याने अल्बम रात्रीच ऐकलेला असतो.

ऐकण्याच्या दोन बैठका ठेवा. एक काम करता करता, म्हणजे प्रती लावताना किंवा हिशोब करताना. या बैठकीत कळतं की अल्बम मान वर करायला कुठे लावतो. दुसरी बैठक हातात काही न घेता, शक्य असेल तर तबकडीवरून.

पहिल्या गाण्यावरून मत बनवू नका. ऐकणारा अर्ध्या मिनिटात पुढे जाईल या धास्तीने हल्ली सगळ्यात आकर्षक गाणी सुरुवातीला ठेवण्याकडे कल असतो. अल्बमचा खरा स्वभाव दुसऱ्या बाजूच्या मधल्या गाण्यांत सापडतो. तिथे जोर टिकला असेल तर अल्बम दमदार आहे. तिथे नुसती भरती असेल तर दोन चांगली गाणी आणि बाकी पोतेरं, आणि ज्याला तीच दोन गाणी हवी आहेत त्याने तबकडी का घ्यावी?

ऐकताना वहीत जे लिहाल त्यात विशेषणं नकोत, खुणा हव्यात. आवाज पुढे आहे की वाद्यांत मिसळलेला. ठेका हाताने वाजवलेला वाटतो की यंत्राचा. गाणी सुटी आहेत की एकातून दुसरं निघतं. कुठे कंटाळा आला. उदाहरणार्थ अशी नोंद कामाची: ‘बाई, खालचा सूर, कुजबुजल्यासारखं. ड्रम नाहीत, बेस भरपूर. तिसऱ्या गाण्यापासून पकड. दुसरी बाजू संथ, गाडीत चालणार नाही. मोठ्या आवाजात ऐकणाऱ्याला देऊ नये.’ शेवटचं वाक्य लिहायला विसरू नका. पुढे काउंटरवर तेच सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

तबकडी कशी निघाली आहे

रेकॉर्ड दुकानातली शिफारस नुसती संगीताची नसते, वस्तूचीही असते. संगीत उत्तम आणि तबकडी भिकार, असं होतं. ते गिऱ्हाइकाला आपण सांगितलं नाही तर घरी गेल्यावर सुई सांगते.

पहिली गोष्ट लांबीची. बारा इंची, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची एलपी १९४८ साली कोलंबिया कंपनीने आणली, आणि तिचं गणित आजही तेच आहे. एका बाजूला वीस-बावीस मिनिटांपर्यंत संगीत सुखाने मावतं. त्याहून जास्त भरायचं तर खाचा एकमेकींजवळ आणाव्या लागतात, त्यासाठी आवाजाची पातळी आणि बेस कमी करावा लागतो. पन्नास मिनिटांचा अल्बम एकाच तबकडीवर आला असेल तर संशय घ्या आणि लावून पाहा. उलट तोच अल्बम दोन तबकड्यांवर आला की गिऱ्हाईक कुरकुरतं, ‘सारखं उठून बाजू बदलावी लागते.’ त्याला कारण सांगितलं की तो बहुधा मान्य करतो.

दुसरी गोष्ट बाजूच्या शेवटच्या गाण्याची. तबकडी एकाच वेगाने फिरते, पण सुई आत सरकते तसा एका फेरीतला खाचेचा प्रवास कमी होत जातो. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच जाते, मधल्या कागदी लेबलाजवळ २० ते २५. तेवढ्या कमी जागेत तेवढाच आवाज कोरलेला असल्याने ‘स’, ‘श’ ही अक्षरं आणि झांजा तिथे फाटल्यासारख्या ऐकू येऊ शकतात. म्हणून तपासायची तर बाजूची शेवटची दोन मिनिटं तपासा. तिथे स्वच्छ असेल तर बाकी बहुधा स्वच्छच असतं.

रंगीत तबकड्यांबद्दल उगाच भीती पसरलेली आहे. चांगल्या कारखान्यातून निघालेली रंगीत तबकडी काळीइतकीच चांगली वाजते. चित्र असलेली तबकडी मात्र वेगळी. तिच्यात चित्रावर पातळ पारदर्शक थर असतो आणि खरखर जास्त येते. ती भिंतीवर लावण्यासाठी घ्या, असं सांगून विका. १८० ग्रॅमचा शिक्का पाहून भाळणाऱ्यालाही सांगा की वजनाने तबकडी हाताला दणकट लागते, आवाज मात्र मास्टरिंग (तबकडी काढण्याआधी आवाजावर फिरवलेला शेवटचा हात) आणि कारखान्यावर ठरतो.

खोकं उघडल्यावर एक प्रत दुकानासाठी फोडा. वाकलेली आहे का ते टर्नटेबलवर फिरवून बाजूने पाहा, मधलं भोक नेमकं मध्यावर आहे का ते सुईचा हात डावी-उजवीकडे डोलतो का यावरून पाहा. एक प्रत वाकडी निघाली तर इतरही तपासा आणि वितरकाला त्याच दिवशी कळवा, कारण तक्रारीची मुदत असते.

काउंटरवर

‘तुम्हाला कसलं संगीत आवडतं?’ हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी ‘सगळंच’ येतं, नाहीतर माणूस प्रकाराचं एक नाव सांगतो आणि त्या नावाखाली जगातले निम्मे अल्बम बसतात. त्याऐवजी विचारा: ‘सध्या टर्नटेबलवर काय आहे?’ किंवा ‘अलीकडे शेवटपर्यंत ऐकलेला अल्बम कुठला?’ पहिल्या प्रश्नातून आवड कळते, दुसऱ्यातून धीर कळतो. आणि जरा ओळख असेल तर तिसरा, माझा आवडता: ‘सगळ्यांनी डोक्यावर घेतलं आणि तुम्हाला झेपलं नाही, असं काय?’ माणूस नावडीबद्दल जास्त खरं बोलतो.

उत्तर मिळालं की त्यातली एकच गोष्ट पकडायची. समजा संवाद असा होतो:

‘काहीतरी नवीन द्या हो. निवांत असं.’

‘निवांत म्हणजे शब्द नसलेलं चालेल, की आवाज हवा?’

‘आवाज हवा. पण उगाच ओरडणारा नको.’

‘परवा नेलंत ते कसं वाटलं?’

‘बरं होतं. पण सगळी गाणी सारखीच वाटली.’

इथे कामाची माहिती शेवटच्या वाक्यात आहे. ‘निवांत’ हा शब्द धरून त्याला आणखी एक संथ अल्बम दिला तर तोही सारखाच वाटणार. या माणसाला हळू आवाज हवा आहे, पण प्रत्येक गाण्यात वाद्यं बदलायला हवीत. वहीतल्या खुणा इथे कामाला येतात. एक अल्बम काढा आणि म्हणा: ‘ही बाई हळू गाते, पण प्रत्येक गाण्यात साथ वेगळी आहे. चौथ्यात नुसतं चेलो आहे. ते लावतो.’ आणि लावून बाजूला व्हा. ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून उभं राहिलं की तो भिडेखातर ‘छान आहे’ म्हणतो. ते ‘छान’ काही खरं नसतं.

एका वेळी एकच अल्बम. पाच प्रती काउंटरवर पसरल्या की शिफारस संपली आणि बाजार सुरू झाला. गिऱ्हाईक गोंधळतं, मग ओळखीचं मुखपृष्ठ उचलतं किंवा ‘पुन्हा येतो’ म्हणतं. पहिला जमला नाही तर का नाही ते विचारा, आणि दुसरा त्या उत्तरावरून काढा. तिसऱ्यापुढे जाऊ नका. ‘आज तुमच्यासाठी काही नाही, दोन आठवड्यांनी एक येतोय तो बाजूला ठेवतो’ हे वाक्य त्या दिवशीची विक्री घालवतं, पण माणूस परत येतो. दोन आठवड्यांनी खरंच बाजूला ठेवायला हवं, हे वेगळं सांगायला नको.

तुलना करायची तर एकाच गुणाची करा. ‘तुम्हाला अमुक आवडतो ना, मग हा आवडणारच’ या वाक्यात आपण अख्ख्या कलाकाराची हमी घेतो. ‘त्याचे ड्रम जसे मागे रेंगाळतात, तसे यातही आहेत’ एवढंच म्हटलं तर ऐकणारा तेवढंच शोधतो आणि सापडल्यावर खूश होतो.

भेट देण्यासाठी घेणाऱ्याचं गणित वेगळं. त्याला संगीताबद्दल विचारून उपयोग नाही. ज्याला भेट द्यायची त्याच्याकडे टर्नटेबल आहे ना, हे आधी विचारा, मग त्याच्याकडे आधीच काय आहे ते. शंका असेल तर नव्या, कमी गाजलेल्या अल्बमकडे वळवा, म्हणजे दोन प्रती व्हायच्या नाहीत, आणि बदलून देण्याची मुभा बिलावर लिहून द्या.

दर्दी गिऱ्हाईक येतं तेव्हा शिफारस करूच नका. तानसेन नसला तरी तो कानसेन असतो, आणि त्याला आपलं ज्ञान ऐकायचं नसतं. त्याला विचारायचं. ‘हा ऐकलात का? मला दुसरी बाजू कळली नाही.’ तो दहा मिनिटं बोलेल, त्यातली दोन वाक्यं पुढच्या गिऱ्हाइकाला सांगण्यासारखी असतील.

याउलट पहिल्यांदा टर्नटेबल घेतलेला माणूस. त्याला अवघड काही देऊन आपली अभिरुची दाखवायची हौस अनेकांना होते. ती आवरा. त्याने मोबाइलवर ज्या अल्बमवर मनापासून प्रेम केलं आहे तोच तबकडीवर घेऊ द्या, आणि सोबत एक नवा सुचवा, सक्ती न करता. गाजलेलं मागितलं म्हणून कपाळाला आठ्या घालणारा दुकानदार हा या धंद्यातला जुना रोग आहे.

कार्ड लिहिणं

आपण सगळ्यांशी बोलू शकत नाही, आणि काहींना बोलायचंच नसतं. त्यांच्यासाठी प्रतीला अडकवलेलं हाताने लिहिलेलं कार्ड. बहुतेक कार्डं अशी असतात: ‘अप्रतिम! वर्षातला सर्वोत्कृष्ट अल्बम! जरूर ऐका!’ हे कोणत्याही अल्बमला लावता येतं, म्हणून कोणत्याच अल्बमचं नाही.

कामाचं कार्ड असं: ‘दोन गिटार, एक आवाज, बाकी काही नाही. पहिली तीन गाणी साधी वाटतील, चौथ्यापासून मागे काहीतरी हलायला लागतं. हेडफोनवर जास्त चांगला. नाचायचं असेल तर शेजारचा घ्या.’ पंचवीस-एक शब्द. काय ऐकू येईल, कुठे धीर धरावा आणि कोणी घेऊ नये, तिन्ही आलं. खाली लिहिणाऱ्याचं नाव असू द्या. थोड्याच दिवसांत गिऱ्हाइकांना कळतं की कोणाचं कार्ड आपल्या कानाशी जुळतं, आणि मग ते अल्बमआधी खालचं नाव वाचतात.

कार्डांची गर्दी करू नका. भिंतभर कार्डं लागली की एकही वाचलं जात नाही. आणि जुनी काढा. मार्चमधला ‘या आठवड्याचा अल्बम’ जूनमध्ये लटकत असेल तर दुकान झोपलंय असं दिसतं.

दुकानात काय वाजतंय

सर्वात जास्त शिफारस बोलून होत नाही, स्पीकरवरून होते. त्यासाठी गाण्यांची मिसळ नको, अल्बमची एक पूर्ण बाजू लावा, आणि वाजत असलेल्या अल्बमचं मुखपृष्ठ काउंटरवर सगळ्यांना दिसेल असं उभं ठेवा. ‘हे काय लावलंय?’ हा प्रश्न विचारायला लाजणारेही मुखपृष्ठ पाहून जातात. आवाज इतपत की दोन माणसं सहज बोलू शकतील. विक्रीला प्रत शिल्लक नसलेला अल्बम वाजवू नका. उगाच तोंडाला पाणी सुटतं आणि हात हलवत परत जावं लागतं.

दुपारच्या सुस्त वेळी अवघड अल्बम लावा, गर्दीच्या वेळी नको. दुपारी जो माणूस दुकानात असतो त्याला घाई नसते, आणि अवघड अल्बमला तोच हवा असतो.

एप्रिलमधला रेकॉर्ड स्टोअर डे हा याला अपवाद. २००८ सालापासून स्वतंत्र दुकानांसाठी हा दिवस पाळला जातो, आणि त्या दिवशी रांगेतला माणूस हातात यादी घेऊनच येतो. त्याला मर्यादित संख्येत निघालेली प्रत हवी असते, सल्ला नको. त्या दिवशी शिफारशीचा नाद सोडा. फक्त रांग जिथून सरकते तिथे दोन नव्या अल्बमच्या थोड्या प्रती कार्डासह ठेवा. उभं राहून कंटाळलेला माणूस काहीही वाचतो.

दिल्यानंतर

कोणाला काय दिलं ते वहीत टिपा. गिऱ्हाइकाला विचारून टिपा, लपून नको. परत आला की पहिला प्रश्न ‘अजून काय देऊ?’ हा नको, ‘ते कसं वाटलं?’ हा. ‘नाही आवडलं’ म्हणाला तर वाद घालू नका आणि ‘अजून दोनदा ऐका’ असंही सुचवू नका. का नाही आवडलं ते लिहून घ्या. आवडलेल्यांपेक्षा नावडलेल्यांच्या नोंदींवरून पुढची शिफारस जास्त नेमकी होते.

महिनाभराने न विकलेल्या नव्या प्रती पाहा. मागणी नोंदवताना ज्यांची नावं लिहिली होती त्यांना खरंच दाखवल्या का, हे आधी तपासा. दाखवल्या नसतील तर दोष अल्बमचा नाही. दाखवूनही राहिल्या असतील तर कार्ड बदला, जागा बदला, एकदा दुपारी लावून पाहा. तरीही राहिल्या तर किंमत उतरवा आणि मोकळे व्हा, फक्त दुकानासाठी फोडलेली प्रत ठेवून द्या. वर्षभराने कोणीतरी येऊन नेमका तोच अल्बम कसा होता ते विचारतं, तेव्हा ती लावून दाखवता येते.